जीबीएस: स्वॅब कधी, औषध कधी, आणि बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत कशावर लक्ष ठेवायचं

ग्रुप बी स्ट्रेप म्हणजे जीबीएस, बाळंतपणात आईकडून बाळाला जाऊ शकणारा एक बॅक्टेरिया, यावर तेच तेच प्रश्न परत परत येतात आणि त्यातले बरेचसे प्रश्न वेळ निघून गेल्यावर येतात. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी डॉक्टरांनी गोळ्या का दिल्या नाहीत, मागच्या खेपेला निगेटिव्ह होतं म्हणून यावेळी टेस्ट केलीच नाही चालेल का, सिझेरियन ठरलंय मग स्वॅब कशाला, आणि सगळ्यात काळजीचं म्हणजे रिपोर्ट घरच्या कपाटात आणि बाई लेबर रूममध्ये. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतेय. यात अवघड काहीच नाहीये, पण प्रत्येक गोष्टीची एक ठरलेली वेळ आहे आणि ती वेळ चुकली की केलेल्या गोष्टीचा उपयोग होत नाही. टेस्ट लवकर केली तरी वाया, औषध लवकर घेतलं तरी वाया.

औषधांचे डोस वगैरे खाली लिहिलेत ते तुम्हाला समजावं आणि विचारता यावं म्हणून, ठरवायचं तुमच्या डॉक्टरांनीच.

## १. आधी हे पक्कं करा: हे काय आहे आणि काय नाही

हा बॅक्टेरिया आतड्यात राहतो, तिथून योनीमार्गात आणि कधी लघवीच्या मार्गात येतो. बहुतेक वेळा काही त्रास देत नाही, वास नाही, खाज नाही, पांढरं जाणं नाही, काहीच नाही, त्यामुळे टेस्ट केल्याशिवाय कळत नाही. साधारण दर दहा गरोदर बायकांत एक ते तीन जणींच्या अंगात तो सापडतो. म्हणजे तुम्ही काही चुकीचं केलं म्हणून आलेला नाही, अस्वच्छतेमुळे नाही, आणि हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार म्हणून धरत नाहीत, त्यामुळे नवऱ्याला औषध देण्याचा प्रश्नच येत नाही. घसा दुखायला लावणारा स्ट्रेप हा ग्रुप ए, तो वेगळा, त्याचा रिपोर्ट इथे उपयोगाचा नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, हा येतो आणि जातो. आज आहे, दोन महिन्यांनी नसेल, परत येईल. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचं कारण हेच आहे.

धोका कोणाला? मुख्यतः बाळाला, बाहेर येताना. आई पॉझिटिव्ह असेल आणि काहीच औषध दिलं नाही तर साधारण निम्म्या बाळांच्या अंगावर तो जातो, पण त्यातली बहुतेक बाळं ठणठणीत राहतात. औषधाशिवाय पॉझिटिव्ह आईच्या दर शंभर बाळांत एखाददुसरं बाळ आजारी पडतं. कळा सुरू असताना अँटिबायोटिक दिलं तर हे प्रमाण खूप खाली येतं. नेमके आकडे थोडे वेगवेगळे सांगतात; अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, दिलेला आकडा असा आहे की औषध दिलं नाही तर २०० मध्ये १ आणि दिलं तर ४००० मध्ये १. आजारी पडलं तर मात्र प्रकरण गंभीर असतं: रक्तात इन्फेक्शन, न्यूमोनिया, मेंदूज्वर. मेंदूज्वरातून वाचलेल्या काही मुलांना ऐकू न येणं, वाढ मागे पडणं असे कायमचे त्रास राहतात. म्हणजे घाबरून जायचं नाही आणि हलक्यातही घ्यायचं नाही.

आईलाही होऊ शकतो: लघवीचं इन्फेक्शन, गर्भाशयातल्या पाण्याचं आणि आवरणाचं इन्फेक्शन, बाळंतपणानंतर गर्भाशयाचं इन्फेक्शन. क्वचित वेळेआधी कळा येणं किंवा पोटातच बाळ जाणं यामागेही हा असतो.

## २. तयारी: आठवा महिना संपायच्या आत या चार गोष्टी गोळा करून ठेवा

स्वॅबची तारीख येईपर्यंत थांबू नका, कारण यातल्या काही उत्तरांमुळे स्वॅबची गरजच राहत नाही.

लघवीचा रिपोर्ट. या गरोदरपणात कधीही, अगदी तिसऱ्या महिन्यात का होईना, लघवीच्या कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची तपासणी) जीबीएस आला होता का? आला असेल तर तुम्ही पॉझिटिव्हच धरल्या जाता, कळा सुरू झाल्यावर औषध लागणारच, वेगळा स्वॅब नको. इथे खूप जणी फसतात, कारण तेव्हा गोळ्यांचा कोर्स झाला, नंतरचा रिपोर्ट क्लिअर आला आणि विषय संपला असं वाटतं. लघवी क्लिअर झाली हे खरं, पण कळांच्या वेळचं औषध त्याने रद्द होत नाही.

आधीचं बाळ. आधीच्या एखाद्या बाळाला जीबीएसचं गंभीर इन्फेक्शन झालं होतं का? झालं असेल तरीही थेट औषध, स्वॅब नको. नुसतं आधीच्या खेपेला तुम्ही पॉझिटिव्ह होता हे मात्र वेगळं, त्यात यावेळी परत टेस्ट करायची.

पेनिसिलिनची ॲलर्जी. यावर जरा वेळ घालवा. खूप जणी लहानपणी आईने सांगितलं म्हणून ॲलर्जी आहे असं सांगतात, आणि तपासलं तर ॲलर्जी असल्याचं सांगणाऱ्यांपैकी साधारण ९० टक्के लोकांना ती निघत नाही. म्हणून नुसतं "ॲलर्जी आहे" असं न सांगता नेमकं काय झालं होतं ते सांगा. कोणतं औषध होतं, गोळी की इंजेक्शन, घेतल्यावर किती वेळाने त्रास झाला, अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या का, ओठ किंवा चेहरा सुजला का, श्वास अडकला का, कातडी सोलवटली का, की फक्त मळमळ आणि जुलाब झाले. मळमळ, डोकेदुखी किंवा "आमच्याकडे काकांना ॲलर्जी आहे" याला कमी धोक्याचं धरतात. गांधी, सूज, श्वास, कातडी सुटणं हे जास्त धोक्याचं. यावरून औषध बदलतं. ॲलर्जीची टेस्ट गरोदरपणात करता येते, तीही आत्ताच विचारा, कळा सुरू झाल्यावर त्याला वेळ नसतो. आणि अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन ही पेनिसिलिनचीच भावंडं आहेत, त्यांनी त्रास झाला असेल तर तोही यातच सांगायचा.

हॉस्पिटलची पद्धत. सगळीकडे एकच नियम नाही. अमेरिकेत प्रत्येक गरोदर बाईचा स्वॅब घेतात, ब्रिटनमध्ये सरसकट घेत नाहीत, धोक्याच्या गोष्टी बघून ठरवतात. म्हणून तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा: इथे जीबीएसचा स्वॅब सगळ्यांचा करता का, नसेल करत तर मला करून मिळेल का, आणि नाही केला तर लेबरमध्ये काय बघून औषध द्यायचं ठरवता? आपोआप झालं असेल असं गृहीत धरू नका.

> चेक: या चारही उत्तरांचा एक कागद फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. ॲलर्जी मोठ्या अक्षरात.

## ३. स्वॅब: योग्य आठवडा, योग्य जागा

जिथे सगळ्यांची टेस्ट करतात तिथे आत्ताचा सल्ला ३६ आठवडे पूर्ण झाल्यापासून ३७ आठवडे ६ दिवसांपर्यंतचा आहे. आधी ३५ ते ३७ सांगायचे, म्हणून जुन्या माहितीत तो आकडा दिसेल. कारण साधं आहे, रिपोर्ट साधारण पाच आठवडेच भरवशाचा धरतात. अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाकीच्या ब्लड टेस्टसोबत उरकून घेतलं तर डिलिव्हरीच्या दिवशी त्या रिपोर्टला अर्थ राहत नाही. जुळी असतील किंवा लवकर डिलिव्हरी होणार असं डॉक्टरांना वाटत असेल तर तारीख अलीकडे घेतात, ते त्यांनाच विचारा. आणि स्वॅबला पाच आठवडे होऊन गेले तरी डिलिव्हरी झाली नाही तर परत करावा का हेही विचारा.

आता जागा. इथेच सगळ्यात जास्त गडबड होते म्हणून नीट सांगते. कापसाच्या बोंडाची लांब काडी असते. ती आधी योनीमार्गाच्या तोंडाशी, साधारण दोन सेंटीमीटर आत घालून फिरवतात. मग तीच काडी गुदद्वारात, तिथला घट्ट स्नायू ओलांडून जेमतेम एक सेंटीमीटर आत, आणि तिथे हलकेच फिरवतात. क्रम हाच, आधी पुढे मग मागे, उलटा कधीच नाही. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून बघायचं साधन) लागत नाही, गर्भाशयाच्या तोंडापर्यंत जायचं नसतं. दुखत नाही, मागच्या वेळी थोडं विचित्र वाटतं इतकंच, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नीट समजावून सांगितलं तर बाई स्वतःसुद्धा घेऊ शकते आणि तो स्वॅब तितकाच चालतो, त्यामुळे दुसऱ्याने हात लावायला नको वाटत असेल तर संकोच न करता विचारा.

नेहमीच्या चुका अशा: फक्त योनीमार्गातून घेणं आणि मागचा भाग लाजेने सोडणं, अशाने बऱ्याच पॉझिटिव्ह बायका निगेटिव्ह दिसतात, कारण याचं मूळ घर आतड्यात आहे. दुसरी, पांढरं जातंय म्हणून घेतलेला वरचा योनीचा साधा स्वॅब जीबीएसची टेस्ट समजणं. तो वेगळ्या कारणासाठी असतो. तिसरी, नुकतेच अँटिबायोटिक घेतलेत हे न सांगणं, त्याने रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

लॅबचा भागही महत्त्वाचा आहे. हा स्वॅब आधी एका खास द्रावणात रात्रभर वाढवतात, ज्यात बाकीचे जंतू दबतात आणि जीबीएस वर येतो. थेट प्लेटवर लावला तर काही केसेस सुटतात. म्हणून फॉर्मवर नुसतं "व्हजायनल स्वॅब कल्चर" न लिहिता "जीबीएस स्क्रीनिंग, गरोदर, योनी आणि गुदद्वार" असं स्पष्ट लिहिलेलं हवं. पेनिसिलिनची जास्त धोक्याची ॲलर्जी असेल तर "पेनिसिलिन ॲलर्जी, क्लिंडामायसिन सेन्सिटिव्हिटी करा" हेही त्याच फॉर्मवर. हे राहिलं तर रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो पण कोणतं औषध चालेल ते कोणालाच माहीत नसतं, आणि परत स्वॅब करायला आठवडे उरलेले नसतात.

> सावधान: स्वॅब तुम्ही स्वतः लॅबला नेणार असाल तर पर्समध्ये किंवा तापलेल्या गाडीत ठेवून फिरू नका. काडी तिच्या ट्रान्सपोर्ट ट्यूबमध्ये, त्याच दिवशी लॅबमध्ये.

## ४. रिपोर्ट वाचणं

कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. रिपोर्टवर "ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस" किंवा "स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्टिए" असं लिहिलं असेल, दोन्ही एकच. "ग्रोन", "आयसोलेटेड", "डिटेक्टेड" म्हणजे पॉझिटिव्ह. थोडा आहे की खूप आहे याने औषधाचा निर्णय बदलत नाही, पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह.

निगेटिव्ह आला तर चांगलं, पण ती त्या दिवसाची स्थिती आहे. निगेटिव्ह आईच्या बाळालाही क्वचित हा आजार होतो, त्यामुळे खालच्या आठव्या आणि नवव्या पायऱ्या तुमच्यासाठीही आहेत, त्या गाळू नका.

पॉझिटिव्ह आला तर त्या दिवशी करायचं काम एकच: रिपोर्टची एक कॉपी फाईलमध्ये, एक फोटो तुमच्या फोनमध्ये, एक फोटो जे माणूस सोबत येणार त्याच्या फोनमध्ये, आणि डॉक्टरांनी त्यांच्या रेकॉर्डमध्ये नोंद केली का हे तोंडाने विचारून खात्री करायची.

## ५. पॉझिटिव्ह ते कळा: इथे काही करायचं नाही

सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा टप्पा हाच, कारण आजार आहे म्हटलं की औषध हवं असं आपल्याला वाटतं. पण आत्ता गोळ्या घेतल्या तर जंतू तात्पुरते कमी होतील आणि आतड्यातून परत येतील, डिलिव्हरीच्या दिवशी परत तिथेच. बाळाला संरक्षण मिळतं ते कळा चालू असताना आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचलेल्या औषधाने. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नाहीत तर त्यांनी बरोबर केलंय. अपवाद लघवीच्या इन्फेक्शनचा: लघवीत भरपूर जंतू असतील किंवा जळजळ, ताप असा त्रास असेल तर त्यावर तेव्हाच उपचार लागतो.

लसूण आत ठेवणं, दही लावणं, अँटिसेप्टिकने आतून धुणं, हे काही करू नका. क्लोरहेक्सिडिनने योनीमार्ग धुऊन बाळांचा आजार टळतो का हे तपासून झालंय, टळत नाही. लसणाने आतली नाजूक त्वचा भाजते ते वेगळंच. प्रोबायोटिकवर भरवसा ठेवून इंजेक्शन नाकारावं असाही कुठलाच आधार नाही. आणि पुन्हा स्वॅब करून निगेटिव्ह आणायच्या मागे लागू नका, एकदा पॉझिटिव्ह आलं की या खेपेला तेच धरतात.

लस अजून बाजारात नाही, चाचण्या चालू आहेत.

सिझेरियन ठरलं असेल तर: कळा सुरू व्हायच्या आधी आणि पाणी जायच्या आधी सिझेरियन झालं तर जीबीएससाठी वेगळं औषध लागत नाही, ऑपरेशनचं नेहमीचं अँटिबायोटिक देतात तेवढं पुरे. तरीही स्वॅब करतात, कारण ठरलेल्या तारखेआधी कळा आल्या किंवा पाणी गेलं तर हिशोब बदलतो.

## ६. पाणी गेलं किंवा कळा सुरू झाल्या: निघायचं

पॉझिटिव्ह असाल तर "कळा जोरात येऊ देत मग जाऊ" हे तुमच्यासाठी नाही. बाळ येण्याआधी औषध सुरू होऊन निदान चार तास व्हावेत असं बघतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तर चार तास हातात नसूही शकतात. घरापासून हॉस्पिटल लांब असेल तर तो वेळ धरून आधीच ठरवा.

करायचा क्रम असा:

१. पाणी गेल्याची वेळ घड्याळात बघा आणि लिहा. कळा नसल्या तरी. रंग हिरवट आहे का, वास येतोय का तेही बघा.
२. हॉस्पिटलला फोन, आणि पहिल्याच वाक्यात "मी जीबीएस पॉझिटिव्ह आहे, पाणी इतक्या वाजता गेलंय". ॲलर्जी असेल तर तीही.
३. ताप बघा. ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर तेही फोनवरच सांगा.
४. निघा. फाईल हातात, बॅगेच्या तळाशी नको.
५. पोचल्यावर ड्युटीवरच्या डॉक्टरांना परत सांगा. तिथली शिफ्ट बदलली की नव्या सिस्टरांना पुन्हा. तीनदा सांगावं लागलं तरी सांगा, कुणाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका.

शेवटचं काम सोबतच्या माणसाचं आहे, कळा देणाऱ्या बाईकडून ते व्हायचं नाही. त्याला आधीच सगळं समजावून ठेवा.

रिपोर्टच नसेल तर तीन गोष्टी बघतात: ३७ आठवडे पूर्ण झालेले नाहीत, पाणी जाऊन १८ तास किंवा जास्त झाले, किंवा कळांमध्ये ताप ३८ किंवा जास्त. यातलं एकही असेल तर जीबीएस धरून औषध देतात. आधीच्या बाळंतपणात पॉझिटिव्ह होतात तर तेही सांगा, त्यावरूनही देता येतं. म्हणून पाणी गेल्याची वेळ अंदाजे सांगून चालत नाही.

## ७. लेबर रूममध्ये

पहिली पसंती पेनिसिलिन जी, शिरेतून. पहिला डोस ५० लाख युनिट, मग बाळ होईपर्यंत दर चार तासांनी २५ ते ३० लाख. किंवा अँपिसिलिन, आधी २ ग्रॅम मग दर चार तासांनी १ ग्रॅम. कमी धोक्याची ॲलर्जी असेल तर सेफाझोलिन. जास्त धोक्याची असेल आणि सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमध्ये चालतंय असं आलं असेल तर क्लिंडामायसिन, नसेल चालत तर व्हॅन्कोमायसिन. एरिथ्रोमायसिन आता यासाठी वापरत नाहीत, आणि तोंडाने घ्यायची गोळी इथे चालत नाही.

बघायचं इतकंच की पहिला डोस किती वाजता लागला आणि पुढचा चुकला नाही ना. सोबतच्या माणसाने वेळ लिहून ठेवावी, बाळाच्या डॉक्टरांना ती लागते. डोस लागताना अंगावर गांधी, घशात आवळल्यासारखं किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच ओरडून सांगायचं, "थोडं थांबून बघू" नाही.

चार तास पूर्ण झाले नाहीत तर? बाळंतपण अडवून ठेवत नाहीत आणि ठेवूही नये. दोन तासांतही योनीमार्गातले जंतू बरेच कमी होतात, म्हणजे मिळाला तेवढा डोस फुकट गेला असं नाही. फक्त बाळाकडे जास्त लक्ष द्यायचं.

## ८. बाळाचे पहिले ४८ तास

पहिल्या आठवड्यात होणारा आजार बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांतच दिसतो. म्हणून औषध पुरेसं मिळालं नसेल तर बाळ चांगलं दिसत असलं तरी ३६ ते ४८ तास हॉस्पिटलमध्ये नजरेखाली ठेवायला सांगतात. "सगळं ठीक आहे, लवकर घरी सोडा" असा आग्रह धरू नका. आई पॉझिटिव्ह म्हणून प्रत्येक बाळाला अँटिबायोटिक देत नाहीत, त्याची तब्येत, किती आठवड्यांचं झालंय, आईला ताप होता का, हे बघून ठरवतात.

अंगावर पाजायला काहीही हरकत नाही. सुरू करा.

आता श्वास कसा बघायचा ते. बाळ झोपलेलं किंवा शांत असताना अंगावरचं कापड वर करा, उजेडात पोटाकडे बघा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण नवजात बाळाचा श्वास मुळातच कमी-जास्त होत असतो, मध्येच चार-पाच सेकंद थांबल्यासारखा वाटतो आणि परत चालू होतो. मिनिटाला साठच्या वर सतत जातोय, प्रत्येक श्वासाला नाकपुड्या फुलतायत, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय, यातलं काहीही दिसलं तर सिस्टरना तिथल्या तिथे बोलवा.

## ९. घरी, तीन महिन्यांपर्यंत

हा भाग जवळजवळ सगळे विसरतात. सातव्या दिवसापासून साधारण तीन महिन्यांपर्यंत होणारा उशिराचा आजार वेगळा, आणि कळांमधल्या औषधाने तो टळत नाही. आईला सगळे डोस मिळाले, बाळ पहिल्या आठवड्यात छान होतं, तरी होऊ शकतो. आईकडूनच येतो असंही नाही, हाताळणाऱ्या दुसऱ्या कोणाकडूनही येऊ शकतो. यात मेंदूज्वराचं प्रमाण जास्त असतं. क्वचितच होतो, पण झाला तर तासातासाने वाढतो, म्हणून ही लक्षणं घरात सगळ्यांना माहीत हवीत:

- ताप ३८ अंश किंवा जास्त, किंवा उलट अंग थंड, ३६ च्या खाली
- दूध ओढत नाही, दोन-तीन वेळा पाजायला घेतलं तरी झोपूनच राहतं, उठवून उठत नाही
- अंग सैल, मलूल, किंवा उचललं की जास्तच रडतं आणि काही केल्या शांत होत नाही
- नेहमीपेक्षा वेगळं, कर्कश किंचाळल्यासारखं रडणं, किंवा सारखं कण्हणं
- श्वास जोरात, किंवा मध्येच थांबणं
- रंग फिका, निळसर किंवा ठिपकेदार
- शांत असताना टाळू फुगलेली, नजर एका जागी, झटके

ही सगळी एकदम येत नाहीत. ताप नसूनही बाळ गंभीर असू शकतं, म्हणून "ताप नाही ना, मग सकाळी बघू" ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ चा ताप म्हणजे रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल. घरात तापाचं औषध देऊन वाट बघायची नाही. तिथे गेल्यावर पहिल्यांदा "आई जीबीएस पॉझिटिव्ह होती" हे सांगा, आणि पाठीतून पाणी काढून तपासायचं म्हणाले तर नाही म्हणू नका, मेंदूज्वर आहे की नाही हे त्यातूनच नक्की कळतं. वेळेत पेनिसिलिन गटाचं औषध शिरेतून सुरू झालं तर बहुतेक बाळं बरी होतात.

> चेक: घरात चालणारा डिजिटल थर्मामीटर आहे का, आणि रात्री जायचं झालं तर कुठे, हे बाळ घरी यायच्या आधी ठरवा.

रोजचं काम म्हणजे हात साबणाने धुऊनच बाळाला घ्यायचं, येणाऱ्या पाहुण्यांनीसुद्धा.

## १०. पुढच्या खेपेला, आणि गरोदर नसलेल्यांसाठी

पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत तीन गोष्टी सांगा: मागच्या वेळी पॉझिटिव्ह होते का, बाळाला इन्फेक्शन झालं होतं का, आणि इंजेक्शनचा त्रास झाला होता का. बाळाला झालं नसेल तर परत दुसऱ्या पायरीपासून सुरुवात, नवा स्वॅब.

आणि हा फक्त बाळंतपणाचा विषय नाही. डायबेटिस, लिव्हरचा आजार, कॅन्सर असलेल्या आणि म्हाताऱ्या माणसांना याच जंतूमुळे त्वचेचं, हाडा-सांध्यांचं, लघवीचं आणि रक्ताचं इन्फेक्शन होतं. २०१५ मध्ये सिंगापूरमध्ये गोड्या पाण्यातला कच्चा मासा खाल्ल्याने मोठ्या माणसांमध्ये याची साथ आली होती, तेव्हापासून अन्नातूनही येतो हे स्पष्ट झालं. पण धडधाकट माणसाने उगाच टेस्ट करून घेण्यात अर्थ नाही, अंगात सापडला तरी त्रास नसेल तर उपचार करत नाहीत. डायबेटिसवाल्या माणसाच्या पायावरची जखम लाल होऊन पसरतेय, सोबत थंडी वाजून ताप आलाय, तर मात्र घरी मलम लावत बसू नका, त्याच दिवशी दाखवा आणि औषध सुरू करायच्या आधी रक्ताचं कल्चर करणार का ते विचारा.